डावीकडचे चौतीस अंश

कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, की 'प्रथमदर्शन'ची स्थापना ग्रामीण रुग्णांच्या सेवेसाठी झाली. माहितीपत्रकं असंच काही लिहिण्यासाठी छापतात. खरी स्थापना झाली ती मिरजेतल्या एका डायनिंग टेबलावर, दोन हजार एकोणतीस साली, सकाळी पावणेआठ वाजता. क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. त्रिशला मगदूम बिनकांद्याचे पोहे खात होती, आणि खाता खाता सहज म्हणाली, "काही म्हण, सोवनी सरांसारखी नजर कुणाची नाही."

तिचा नवरा भूपाल समोरच बसला होता. तो तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायचा. त्याने लिंबू पिळलं ते चहात पडलं, आणि तो चहा त्याने तसाच पिऊन टाकला.

डॉ. दिगंबर सोवनी हे त्रिशलाच्या रुग्णालयातले सर्वांत ज्येष्ठ क्ष-किरणतज्ज्ञ. सव्विसाव्या वर्षी ती त्यांच्या हाताखाली शिकायला लागली, आणि भूपालच्या मते ते शिक्षण अजून संपलंच नव्हतं. सोवनी विधुर होते, सहा फूट उंच होते आणि त्रेपन्नाव्या वर्षी डोक्यावर सगळे केस बाळगून होते. यातल्या प्रत्येक गोष्टीवर भूपालचा स्वतंत्र आक्षेप होता. छातीची फिल्म समोर आली की ते तीन सेकंद बघत आणि बोट ठेवून म्हणत, "इथे." सहा महिन्यांनी तिथेच काहीतरी निघे. त्रिशला घरी येऊन हे सांगे, तेव्हा तिच्या आवाजात जे यायचं, ते भूपालच्या पीएच.डी.च्या दिवशीही आलं नव्हतं.

दुसरा कुणी नवरा असता तर भांडला असता. भूपालने शोधनिबंध वाचायला घेतले.

त्याला सापडलं ते असं. डोळ्यावर अवरक्त, म्हणजे माणसाला न दिसणाऱ्या प्रकाशाचा बारीक ठिपका टाकला की तो डोळ्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. पडद्याखाली बसवलेला कॅमेरा तो सेकंदाला अडीचशे वेळा टिपतो, आणि नजर कुठे होती हे सांगतो. ही गोष्ट तशी जुनी. पण तिच्यातून निघालेल्या दुसऱ्या गोष्टीने भूपाल खुर्चीतून उठून उभा राहिला. तज्ज्ञ डॉक्टरच्या हातून एखादा डाग सुटतो, तेव्हाही पुष्कळदा त्याची नजर त्या डागावर थबकलेली असते, सेकंदाचा तिसरा हिस्सा, कधी थोडी जास्त. डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तोंड मात्र 'नॉर्मल' म्हणून मोकळं होतं. म्हणजे रिपोर्टपेक्षा नजर खरी. तोवरची यंत्रं डॉक्टरांच्या रिपोर्टांवर शिकत. भूपालने ठरवलं, आपलं यंत्र डॉक्टरच्या नजरेवर शिकेल.

त्यातही त्याचा एक लाडका सिद्धान्त होता. पहिली नजर प्रामाणिक असते. दुसऱ्या नजरेत शंका, कंटाळा आणि नातेवाइकांची भीती मिसळते. तेव्हा यंत्राला फक्त पहिली नजर शिकवायची, फिरून बघितलेलं सगळं गाळायचं. हे गाळण्याचं त्याने बाहेर कुणाला सांगितलं नाही, घरीही नाही. नुसत्या नजरेच्या कल्पनेवर त्याला बक्षिसं मिळाली, त्याने नोकरी सोडली आणि तो उद्योजक झाला. लग्नाबद्दलही त्याचं हेच मत होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

मग दोन हजार पस्तीस साली तो सोवनींकडे गेला आणि म्हणाला, "सर, मी तुमची नजर अमर करतो."

हे त्याने इतक्या आदराने म्हटलं, की सोवनी पाघळले. भूपालच्या मनातला हिशेब सरळ होता. नजर एकदा यंत्रात उतरली, की ती सहाशे आरोग्य केंद्रांत पोचेल, आणि जी गोष्ट सहाशे ठिकाणी मिळते तिच्याबद्दल कुणाची बायको पोहे खाताना बोलत नाही.

*

चौदा महिने काम चाललं. रुग्णालयाच्या अंधाऱ्या वाचन-खोलीत दोन टेबलं शेजारी शेजारी ठेवली होती. एकावर सोवनी, त्यांची नजर यंत्र शिकणार. दुसऱ्यावर त्रिशला, तीच फिल्म स्वतंत्रपणे वाचून पडताळा करणार. दोघांनी एकमेकांचा पडदा बघायचा नाही, हा अशा अभ्यासाचा पहिला नियम. म्हणून मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. ते दुसऱ्याच आठवड्यात भूपालने काढायला लावलं. आत हवा खेळत नाही, असं त्याने सांगितलं. खरं म्हणजे दारातून आत डोकावलं की पार्टिशनमुळे दोघं दिसत नसत.

सोवनींनी चाळीस हजार फिल्म वाचल्या. यंत्र शिकलं, चाचण्यांत पास झालं, आणि परवान्यासाठी पुण्याला तज्ज्ञ समितीपुढे सुनावणी लागली. सुनावणीला अठरा दिवस असताना समितीचं एक किरकोळ पत्र आलं: वाचकांची नजर पडद्याबाहेर जाण्याचं प्रमाण किती, ते कळवावं.

भूपालने ते काम रुक्साना मुजावरकडे दिलं. ही कंपनीची डेटाप्रमुख. आकडा चांगला असो की वाईट, ती तो एकाच आवाजात सांगायची. तासाभराने ती लॅपटॉप घेऊन आली.

"सोवनी सर तीन टक्के. मॅडम बावीस."

"बावीस? मोबाईल बघत असेल."

"मोबाईल खाली असतो, सर. मॅडम डावीकडे बघायल्यात. दरवेळी डावीकडेच. चौतीस अंश." तिने पडदा त्याच्याकडे वळवला. "डावीकडे काय आहे तिथं?"

डावीकडे काय आहे हे भूपालला चांगलं माहीत होतं. सहा फूट होतं.

"एका वेळी किती थांबते नजर?" त्याने विचारलं.

"सरासरी एक पूर्णांक नऊ सेकंद."

फिल्मवरच्या डागावर नजर सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबली तर कंपनी तो आजार समजत असे. इथे दोन सेकंद होते, चौदा महिने, रोज. भूपालने समितीला दोन्ही वाचकांची सरासरी काढून 'साडेबारा टक्के, खोलीच्या रचनेमुळे' असं कळवलं. सरासरी काढली की कुठलीही गोष्ट सभ्य दिसते. समितीचं समाधान झालं. भूपालचं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातला एक जादा कॅमेरा घरी आणला आणि डायनिंग टेबलावर फळांच्या टोपलीत, दोन मोसंब्यांच्या मध्ये बसवला. शास्त्रात तुलनेशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. तीन दिवसांच्या नाश्त्याचा निकाल असा आला: त्रिशलाची नजर वर्तमानपत्रावर एकेचाळीस टक्के, लोणच्याच्या बरणीवर नऊ टक्के, खिडकीबाहेरच्या मांजरावर सात टक्के. नवऱ्यावर एकदाच, चार दशांश सेकंद. तेही त्याच्या शर्टावर चटणी सांडली होती म्हणून.

"मोसंब्यांत काय ठेवलंयस?" चौथ्या दिवशी तिने विचारलं.

"ऑफिसचं आहे. तापमान बघतोय."

"मोसंब्यांचं?"

"घराचं."

"बरं," ती म्हणाली आणि मांजराकडे बघायला लागली.

*

रविवारी वाचन-खोली बंद असते. भूपाल मोजपट्टी आणि कंपासपेटीतला कोनमापक घेऊन तिथे गेला आणि त्रिशलाच्या खुर्चीत बसला. सोवनींच्या खुर्चीच्या पाठीला, डोकं येईल त्या उंचीवर, त्याने आपला रुमाल बांधला. मग आपल्या डोळ्यांपासून दोरी धरली आणि कोन मोजला.

रुमाल एकाहत्तर अंशांवर होता.

त्याने पुन्हा मोजलं. एकाहत्तर. मग चौतीस अंशांवर काय आहे ते बघायला त्याने दोरी हळूहळू पुढे फिरवली. ती जाऊन टेकली सोवनींच्या पडद्यावर, बरोबर मध्यभागी. चौदा महिने त्रिशला त्या माणसाकडे बघतच नव्हती. ती त्याचा पडदा बघत होती.

भूपाल त्या खुर्चीत जवळजवळ दीड मिनिट सुखी होता.

मग त्याच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. एकमेकांचा पडदा बघायचा नाही, हा पहिला नियम. दुसऱ्याच्या पेपरात माणूस का डोकावतो? उत्तर उतरवायला. म्हणजे आपल्या बायकोला स्वतःला काही येत नाही, ती त्याची उत्तरं उतरवते, आणि म्हणून तो तिला थोर वाटतो. या विचाराने त्याला दुःख व्हायला हवं होतं. त्याला बरं वाटलं.

सोमवारी रुक्सानाने तेही काढून घेतलं.

"उलटं आहे, सर," ती म्हणाली. "मी दोघांच्या वेळा जुळवून बघितल्या. मॅडम सरांच्या पडद्याकडे बघतात. मग दोन सेकंदांनी सर आपली फिल्म उजवीकडं वर सरकवतात, परत बघतात आणि मग रिपोर्ट सांगतात. मॅडमनी बघितलं नाही, तर सर सरकवत नाहीत."

"म्हणजे ती त्याला सांगते?"

"काहीतरी खूण करत असणार. आपल्याकडं आवाज नाही. आणि सर परत बघतात ती दुसरी नजर झाली. ती आपण गाळतो." तिने एक चित्र उघडलं. "मग मी सरांची पहिली नजर बघितली. सगळ्या फिल्मची, एकावर एक."

पडद्यावर छातीचा आकार होता. जिथे जिथे सोवनींची नजर गेली होती तिथे नारिंगी रंग चढला होता. सगळी छाती दिवाळीसारखी उजळली होती. फक्त खालचा डावा कोपरा, म्हणजे रुग्णाच्या उजव्या फुफ्फुसाचा तळ, काळा होता. प्रिंटरची शाई संपावी तसा.

"आणि हे आपलं यंत्र कुठं बघतंय त्याचं चित्र," रुक्साना म्हणाली.

तोच नारिंगी रंग होता. तोच कोपरा काळा.

"चाचणीत आजार असलेल्या साडेचारशे फिल्म होत्या. यंत्राने अठरा चुकवल्या. त्यातल्या सोळा याच कोपऱ्यातल्या. आपण वयाप्रमाणं तक्ता केला, जिल्ह्याप्रमाणं केला, स्त्री-पुरुष केला. कोपऱ्याप्रमाणं कुणी मागितलाच नाही."

यंत्र एकूण शहाण्णव टक्के बरोबर होतं. माणसं नव्वदच्या आसपास असतात. परवाना मिळाला असता, कुणाला काही कळलं नसतं. आणि सहाशे केंद्रांत, ज्याच्या उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी काही आहे, तो प्रत्येक माणूस 'नॉर्मल' असा कागद घेऊन घरी गेला असता.

"तू कुणाला बोललीस हे?"

"अजून तुम्हालाच सांगायलेय."

*

मगदूमांच्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे त्या घरातली भांडणंही पावणेसहाला, भरपूर उजेडात होतात. भूपालने दोन्ही चित्रं ताटाशेजारी ठेवली. त्रिशलाने ती बघितली आणि आमटी वाढत राहिली.

"किती दिवसांपासून आहे हे त्यांना?" भूपालने विचारलं.

"दोन हजार पस्तीसच्या मार्चपासून. छोटा झटका आला होता, मेंदूच्या उजव्या बाजूला. डोळे शाबूत आहेत. पण त्या कोपऱ्याकडे लक्षच जात नाही. तिथे काही आहे हेच मेंदूला आठवत नाही. एमआरआय मीच वाचला."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"पेशंटची माहिती नवऱ्याला सांगत नाहीत."

"मी त्यांच्यावर यंत्र शिकवत होतो, त्रिशला."

"माहीत होतं की. म्हणून तर चौदा महिने मान वाकडी करून बसले. त्यांच्या पडद्यावर काही सुटलेलं दिसलं की मी पेन वाजवायचे. ते फिल्म सरकवून बघायचे, रिपोर्ट बरोबर यायचा. एकही चुकीचा रिपोर्ट गेला नाही त्या खोलीतून."

"मी रिपोर्ट घेतच नव्हतो. फक्त पहिली नजर घेत होतो. दुसरी गाळत होतो."

तिचा हात थांबला. "हे तू मला कधी सांगितलंस?"

"व्यवसायाचं गुपित होतं."

"म्हणजे माझं चौदा महिन्यांचं पेन वाजवणं तू कचऱ्यात टाकलंस."

भूपालने मग इतके दिवस जपून ठेवलेला प्रश्न विचारला. "तुझं त्यांच्यावर प्रेम आहे का?"

"भात वाढू?"

"त्रिशला."

"मला बघायला त्यांनी शिकवलं, भूपाल. आता त्यांना दिसत नाही तेवढं मी बघते. याला काय म्हणायचं ते तू ठरव. तुझ्याकडे यंत्र आहे." तिने भात वाढला. "समितीला सांगायला हवंच. माझं जे व्हायचं ते होईल. पण का सांगतोयस, ते आधी स्वतःला विचार."

"पेशंटसाठी."

"आणि?"

तो जेवायला लागला.

"त्यांना पाडायला म्हणून सांगितलंस, तर ते मला दिसेल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी त्याच कामाचा पगार घेते. तसं दिसलं तर मी कोल्हापूरला ताईकडे राहायला जाईन. तुला टोपलीत कॅमेरा ठेवावा लागणार नाही."

भूपालची पंचाईत मोठी होती. आजवर त्याचा प्रामाणिकपणा आणि त्याचा मत्सर कधी एका दिशेने चालले नव्हते. आता दोघंही खांद्याला खांदा लावून म्हणत होते, सांगून टाक. सोवनी संपतील, असं एक म्हणत होता. माणसं वाचतील, असं दुसरा. आतला आवाज कुणाचा हे ओळखायला कुठला कॅमेरा लावायचा, हे त्याला कळेना.

*

म्हणून तो सोवनींकडे गेला. ब्राह्मणपुरीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. सोवनी उपमा खात होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि खाऊन झाल्यासारखी बशी दूर केली. डाव्या बाजूला पाव बशी उपमा तसाच होता. मग काहीतरी लक्षात आल्यासारखं करून त्यांनी बशी फिरवली.

"असा रोज मला दोनदा नाश्ता मिळतो," ते म्हणाले. "बोला, मगदूम."

भूपालने चित्रं दाखवली. सोवनींनी तीही फिरवून बघितली, शांतपणे, चारही बाजूंनी.

"उत्तम काम केलंय पोरीनं. कोण ही?"

"रुक्साना. सर, तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही मला 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"म्हणणार होतो. पण तुम्ही म्हणालात, अमर करतो." सोवनींनी उपम्याचा घास घेतला. "तीस वर्षं मी लोकांच्या छातीत बघितलं, मगदूम. माझं कौतुक करणारी पुष्कळ माणसं भेटली, पण यंत्रात घालतो म्हणणारा कुणी भेटला नव्हता. मला वाटलं, त्रिशला आहे शेजारी, ती सांभाळेल. तिने सांभाळलंही. तुम्ही दुसरी नजर फेकून देता हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं."

"तिने तुम्हाला फार सांभाळलं," भूपाल म्हणाला. वाक्य साधं होतं, पण त्यातून जे यायचं ते आलंच.

सोवनींनी वर पाहिलं. "तुम्हाला माझा हेवा वाटतो, नाही का? बरीच वर्षं?"

भूपालने खिडकीबाहेर बघितलं. तिथे काही नव्हतं.

"गंमत आहे," सोवनी म्हणाले. "मी चुकलो की ती पेन वाजवते. हळूच. म्हाताऱ्या गुरूला लागू नये म्हणून. तुम्ही चुकलात की काय करते?"

"तोंडावर सांगते."

"पार्टिशन काढलंत तेव्हा काय म्हणाली?"

"'मूर्ख आहेस' म्हणाली."

"मला गेल्या वीस वर्षांत ती एकदाही मूर्ख म्हणाली नाही." सोवनींनी बशी पुन्हा एकदा फिरवून रिकामी असल्याची खात्री केली. "आज मला कुणाचा हेवा करायचा असेल, तर तो कुणाचा करीन असं वाटतं तुम्हाला? समितीला सांगा. मी येतो. तुमच्याआधी मीच सांगेन हवं तर, पण नंबर तुमचा आहे. आणि मला न्यायला गाडी पाठवा. मी आता गाडी चालवत नाही."

*

पुण्याच्या सुनावणीला समितीच्या अध्यक्षा डॉ. बारटक्के होत्या. बारीक चष्म्याच्या, बारीक आवाजाच्या. कंपन्या आपल्या यंत्राचे गुण सांगायला येतात. दोष सांगायला आलेली कंपनी त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी, कारण त्यांनी दोन वेळा विचारलं की हा अर्ज परवान्यासाठीच आहे ना.

भूपालने चित्रं लावली, कोपरा दाखवला, सोळा फिल्म दाखवल्या. पहिल्या नजरेचा आपला सिद्धान्त चूक होता, हेही सांगितलं. सोवनींच्या आजाराबद्दल तो बोलला नाही. ते स्वतः उठले आणि दोन वाक्यांत सांगून बसले. त्रिशला उठली, आपण नियम मोडला हे सांगून बसली. तिने भूपालकडे बघितलं नाही.

डॉ. बारटक्के कागद चाळत होत्या. "एक कळत नाही. एकूण निकाल शहाण्णव टक्के. आमच्या तज्ज्ञांच्या लक्षात आलं नाही. तुमच्या कसं आलं?"

"तपासणी करताना," भूपाल म्हणाला.

"कसली तपासणी?"

इथे थांबता आलं असतं. 'गुणवत्ता' हा शब्द त्याच्या जिभेवर तयार होता, आणि तो इतका गुळगुळीत शब्द आहे की त्यावर कुणी आजवर दुसरा प्रश्न विचारलेला नाही. भूपालने त्रिशलाकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती.

"माझी बायको डावीकडे बघते, असं आकड्यांत दिसलं," तो म्हणाला. "डावीकडे डॉक्टर सोवनी बसायचे. मला संशय आला. मी कोनमापक घेऊन मोजलं, तर ती त्यांच्या पडद्याकडे बघत होती. पुढचं सगळं त्यातून निघालं. पेशंटचा विचार नंतर आला. आधी आला असता तर बरं झालं असतं."



"आणि पार्टिशन?" डॉ. बारटक्केंनी कागदावर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, हवा खेळावी म्हणून काढलं."

"ते पण त्याच कारणासाठी."

"म्हणजे पार्टिशन असतं, तर मॅडमना त्यांचा पडदा दिसला नसता."

"हो. आणि मग चुकीचे रिपोर्ट गेले असते." भूपाल म्हणाला. "हे मी बचाव म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतोय."

इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर केली. "मॅडम, कारण काय लिहू?"

डॉ. बारटक्केंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "'अंतर्गत तपासणीत आढळले' असं लिहा."

निर्णय संध्याकाळपर्यंत थांबला नाही. परवाना नाही, दीड वर्ष नवं काम, चार वेगवेगळे वाचक, चार वेगवेगळ्या खोल्या, आणि दुसरी नजर धरून. त्रिशलाला लेखी ताकीद. सोवनींनी वाचन थांबवावं, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. एकंदरीत सगळ्यांचं थोडं थोडं नुकसान झालं, आणि सहाशे गावांतल्या कुणाला त्यातलं काही कळलं नाही.

*

परतीला त्रिशला गाडी चालवत होती. गाडीला स्वतः चालायची सोय होती, पण ती बंद होती. सोवनींचे पाय लांब, म्हणून ते पुढे बसले. भूपाल मागे, तिघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन. साताऱ्यापासून सोवनी रस्त्यातले ट्रक मोजत बसले, आणि डावीकडचे अर्धे चुकवत गेले.

"ताईला फोन केलास का?" भूपालने अखेर विचारलं.

"कशाला?"

"सहज."

"मूर्ख आहेस," त्रिशला म्हणाली आणि पुढच्या ट्रकला मागे टाकलं.

सोवनींनी मान न वळवता हात मागे केला आणि भूपालच्या गुडघ्यावर थोपटलं. हे अभिनंदन होतं की सांत्वन, ते कळलं नाही, पण भूपाल थोडा सैल होऊन बसला.

कराडजवळ ते चहाला थांबले. त्रिशला पुढे जाऊन काउंटरवर उभी राहिली. सोवनी गाडीतून उतरले आणि हॉटेलच्या फरशीकडे निघाले. फरशीला डावीकडे एक उंच पायरी होती. ती त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांचा पाय अडखळला, सहा फूट उंची एका बाजूला कलली, आणि भूपालने हातातल्या पिशव्या टाकून त्यांचा डावा दंड धरला.

"पायरी आहे, सर," तो म्हणाला. "मोठी आहे. बघून."

"तोंडावर सांगता," सोवनी म्हणाले.

"पेन नाही माझ्याकडे."

दोघं तसेच उभे राहिले, एकमेकांना धरून. समोर वीस फुटांवर त्रिशला तीन चहा घेऊन थांबली होती आणि त्यांच्याकडे बघत होती. बघतच होती. दोन सेकंद केव्हाच होऊन गेले होते. दोघांपैकी नेमकं कुणाकडे, हे इतक्या लांबून सांगता येणं शक्य नव्हतं. भूपालने पुराव्याशिवाय ठरवून टाकलं आणि जरा ताठ झाला.

"मगदूम," सोवनी हळूच म्हणाले, "पोट आत घेऊ नका. ती माझ्याकडे बघतेय. मी पडत होतो म्हणून."

भूपालने पोट सोडलं. दंड मात्र सोडला नाही, आणि काउंटरपर्यंत तो त्यांच्या डाव्या बाजूनेच चालत गेला.